हॉस्टेलच्या अर्जात टक्केवारी नको, सेंटिमीटर लिहा

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, आहे आणि हॉस्टेलच्या फॉर्ममध्ये ‘दिव्यांग’पुढे टिक केली आहे, असं धरून चालते. ‘आधी अ‍ॅडमिशन घे, खोलीचं नंतर बघू’ हे मात्र ऐकू नका. खोल्या एकदा वाटून झाल्या की रेक्टरबाईंची इच्छा असूनही त्यांच्या हातात काही उरत नाही. प्रवेशाच्या यादीत नाव आलं की त्याच दिवशी अर्ज द्या.

सगळं घोडं अडतं ते बाथरूममध्ये. मी व्हीलचेअर वापरते. पहिल्या वर्षी पुण्यात आले तेव्हा अर्जात ‘तळमजल्यावरची खोली मिळावी’ एवढंच लिहिलं होतं. मिळाली. पण बाथरूमचं दार ६० सेंटिमीटर आणि माझी खुर्ची ६४. वर उंबऱ्याला चार बोटं उंच कडप्पा. पंधरा दिवस खुर्ची दाराबाहेर सोडून ओल्या फरशीवरून बसत-सरकत आत गेले. तक्रार केली तर उत्तर आलं, ‘‘मागितलं ते दिलं ना?’’

म्हणून टेप घेऊन स्वतः जा. फोनवरच्या ‘‘सगळी सोय आहे हो’’वर काडीचा विश्वास ठेवू नका. चौकट मोजू नका. दार पूर्ण उघडून उरलेली मोकळी जागा मोजा, कारण दाराची जाडी आणि कडी-कोयंडा दोन-चार सेंटिमीटर खातात. केंद्र सरकारच्या २०२१ च्या सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांत ही मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर आहे आणि रॅम्पचा उतार १:१२. म्हणजे १५ सेंटिमीटरच्या पायरीला १८० सेंटिमीटर लांब रॅम्प. फळी टाकून ‘रॅम्प केला’ म्हणतील, मानू नका. दार बाहेर उघडणारं मागा. आत पडलात तर आत उघडणारं दार तुमच्याच अंगाला अडतं. कमोडशेजारचा बार नुसता बघू नका, धरून सगळा भार टाका. नुसत्या टाइलवर ठोकलेला असेल तर हातात येईल.

आता अर्ज. ‘मला ७५ टक्के अपंगत्व आहे’ यावरून सुताराला काय करायचं ते कळत नाही. ‘दार इतकं रुंद, उंबरा काढावा, कमोड, डावीकडे बार’ असं लिहा. ऐकू येत नसेल तर ‘दार वाजलेलं कळत नाही, दिव्याची बेल हवी’ असं. खाली दिव्यांग हक्क कायदा २०१६, कलम १६ एवढा उल्लेख पुरे. गरजेनुसार सोय करून देणं शिक्षणसंस्थेवर बंधनकारक आहे, असं ते कलम सांगतं. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. तोंडी आश्वासनाला पोच नसते.

तरीही ढिम्म हलले नाहीत तर दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय पुण्यातच आहे. ती शिक्क्याची प्रत तिथे लागते.

मेस कुठल्या मजल्यावर आहे, तेही टेप हातात असतानाच बघून या. मी विसरले होते. वर्षभर रूममेटने ताट खाली आणलं, आणि आमटी रोज जिन्यात सांडली.