सँड मिक्सर आपोआप थांबायचा, दोष निघाला स्टॉप बटनात

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमच्या फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) साच्याची वाळू मळणारा सँड मिक्सर चालता चालता मधेच बंद पडायचा, हिरवं बटन दाबलं की परत चालू. सगळे म्हणाले कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा स्विच) गेला, बदला. पण ओव्हरलोड रिले (मोटरवर जास्त भार आला की तोडणारा) ट्रिप होत नव्हता म्हणून मला कंट्रोल सर्किटचाच, म्हणजे बटनांच्या वायरिंगचाच संशय आला.

स्टॉप बटनाचा एनसी कॉन्टॅक्ट (नॉर्मली क्लोज्ड, बटन दाबेपर्यंत जोडलेला) कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या सिरीजमध्ये असतो, तो क्षणभर जरी सुटला तरी कॉन्टॅक्टर पडतो आणि होल्डिंग (हिरवं बटन सोडल्यावरही चालू ठेवणारी जोडणी) जातं. मेन आयसोलेटर बंद करून लॉक लावला, कॉइलकडची वायर काढून त्या कॉन्टॅक्टच्या ११-१२ टर्मिनलवर मल्टिमीटर बीपला (जोडणी तपासायच्या मोडला) लावला आणि बटनाच्या डब्यावर बोटाने टिचकी मारली, बीप तुटायला लागला! उघडलं तर आत वाळू आणि बेंटोनाइटची (वाळू बांधणाऱ्या मातीची) काळी बारीक धूळ बसलेली. पॉलिश पेपरने घासू नका, चांदीचा थर जातो. सरळ एनसी ब्लॉक नवीन टाकला, स्वस्तात मिळतो.

डब्यात वरून केबल आली होती तिथूनच धूळ जायची, म्हणून ते भोक बंद केलं, खालून ग्लँड (केबलभोवती घट्ट बसणारी फिटिंग) लावून केबल घेतली आणि बटनांना रबरी टोप्या घातल्या. आणि हो, वैतागून स्टॉपला जंपर मारून (वायरने बायपास करून) मशीन अजिबात चालवू नका, मिक्सरमध्ये हात जातो माणसाचा. इमर्जन्सी स्टॉपचा ब्लॉकपण त्याच वेळी तपासून घ्या.