डाळिंबातला तेल्या, कुजवा आणि मर : अथणीच्या माळावरनं

चार दिवस झड लागली की आमच्याकडं, कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, अथणी, तेलसंग, ऐगळीच्या औषधाच्या दुकानात एकच चित्र दिसतं, माणूस पिशवीतनं डाग पडलेलं डाळिंब काढून काउंटरवर ठेवतो आणि विचारतो, ह्याला काय मारू? खरं सांगायचं तर त्या दिवशी मारण्यासारखं फार काही उरलेलं नसतं. तेल्या, म्हणजे डाळिंबावरचा जंतूचा डाग, आटोक्यात राहणार का नाही हे बहार (पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा आणि फूल आणायचं तो हंगाम) कधी धरला आणि बाग विश्रांतीत असताना तुम्ही काय केलं यावर ठरतं, फवारणी त्याच्या नंतर येते. म्हणून मी औषधापासनं सुरू करत नाही.

आधी बहाराचं बघू. मृग बहारात जून-जुलैला फूल येतं म्हणजे फळ वाढतं ते सगळं पावसात, हवेत दमटपणा आणि तापमान 25 ते 35 अंशांच्या आसपास, तेल्याच्या जंतूला याच्यापेक्षा चांगलं काय पाहिजे? ज्या बागेत एकदा तेल्या येऊन गेलाय तिथं मृग धरूच नका, एवढं माझं स्पष्ट मत आहे. आंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीचा, रोग कमी, पण एप्रिल-मे मध्ये बोअरला पाणी पाहिजे आणि आपल्या पूर्वेकडच्या माळाला नेमकं तेव्हाच पाणी नसतं. राहिला हस्त बहार, सप्टेंबर-ऑक्टोबरचा. रोगाच्या दृष्टीनं सगळ्यात सुरक्षित हाच, फक्त अडचण अशी की आपल्याकडं खरा पाऊस सप्टेंबरातच पडतो, त्यामुळं झाडाला ताण नीट बसत नाही. मुरमाड जमीन असेल तर उघडीप मिळाल्याबरोबर ताण बसतो, ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत थांबून पानगळ करा, थोडा उशीर झाला तरी चालतो. काळ्या भारी जमिनीत हे जमत नाही, आणि कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात तर डाळिंब लावायच्या भानगडीत पडू नये असंच मी पाहुण्यांना सांगत आलोय.

आता रोग ओळखायचा कसा. पानावर बारीक पाणचट डाग, भोवती पिवळं वलय, पान उन्हाकडं धरलं की डाग तेल लागल्यासारखा आरपार दिसतो, हा तेल्या. फांदीवर पेऱ्यापाशी काळा पडून चीर जाते आणि वाऱ्यानं फांदी तिथंच मोडते. फळावर डाग वाढून एल किंवा वाय अक्षरासारखी भेग पडते. बुरशीचे डाग वेगळे, सर्कोस्पोरा बुरशीचा डाग काळा, कोरडा, त्यात तेलकटपणा नाही आणि भेगही नाही. अँथ्रॅक्नोजचा तपकिरी आणि जरा खोलगट. स्कॅबचा हाताला खरबरीत लागतो, फळावर खपली धरल्यासारखा. हे बघूनच औषध घ्या कारण तेल्या जंतूनं होतो, त्याच्यावर नुसतं बुरशीनाशक मारून पैसे वाया जातात. आणखी एक, आपल्याकडं रैत संपर्क केंद्रात (सरकारी शेतकरी केंद्र) नाहीतर तोटगारिके, म्हणजे फलोत्पादन खात्याकडं माहितीचा कागद मिळतो तो कन्नडमध्ये असतो, त्यात दुंडाणू अंगमारी लिहिलेलं दिसलं की तो तेल्या आणि सोरगु रोग म्हणजे मर. कन्नड वाचता येत नाही म्हणून कागद टाकून देऊ नका, पोरांकडनं वाचून घ्या, माहिती चांगली असते.

तोडणी झाली की बागेला तीन-चार महिने पूर्ण विश्रांती द्यायची. लोक इथं घाई करतात, भाव चांगला मिळाला की लगेच पुढचा बहार धरतात, झाड थकलेलं असतं आणि रोग तिथंच घुसतो. विश्रांतीत रोगट फांदी डागाच्या खाली दोन इंच चांगल्या भागात कापा, खाली पडलेलं पान, फळ, काड्या सगळं गोळा करून बागेच्या बाहेर जाळा, बांधावर ढीग लावून ठेवलात तर काही उपयोग नाही कारण जंतू पडलेल्या पानातही टिकून राहतो. आणि कात्री! हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. छाटणीची टोळी काल दुसऱ्याच्या बागेत होती, आज तुमच्यात, कात्री तीच. गेटवरच बादली ठेवा, 1 टक्का सोडियम हायपोक्लोराइटचं पाणी करा, प्रत्येक झाड झालं की कात्री बुडवूनच पुढच्या झाडाला हात लावायचा. टोळीवाले कुरकुर करतात, वेळ जातो म्हणतात, दोन पैसे जास्त द्या पण हे करून घ्या. आमच्या बागेत तेल्या रोपातनं आला होता, गुटी कलम (झाडाच्या फांदीलाच मुळं फोडून केलेली रोपं) स्वस्तात मिळाली म्हणून घेतली आणि ती रोगट बागेतली निघाली, तीन वर्षं निस्तरत बसलो. नवीन लावणी करणार असाल तर टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली रोपं घ्या नाहीतर ज्या मातृबागेचं कलम आहे ती बाग स्वतः जाऊन बघा.

छाटणी झाली की त्याच दिवशी कापलेल्या जागेवर 10 टक्के बोर्डो पेस्ट लावा, म्हणजे 1 किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), 1 किलो कळीचा चुना आणि 10 लिटर पाणी. त्यानंतर झाडावर 1 टक्का बोर्डो, तेच 1 किलो आणि 1 किलो पण पाणी 100 लिटर. मोरचूद 50 लिटर पाण्यात वेगळं विरघळवा, चुना दुसऱ्या 50 लिटरमध्ये, मग मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओता आणि काठीनं हलवत राहा, लोखंडी बॅरल अजिबात नको. झालं की लोखंडी खिळा किंवा विळा बुडवून बघा, तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, अजून घाला. केलेलं द्रावण त्याच दिवशी संपवायचं, त्यात दुसरं कुठलंही औषध मिसळायचं नाही, आणि फुलोऱ्यात बोर्डो मारायचा नाही.

पावसाळी हवेत मग 10 ते 15 दिवसांनी कॉपर हायड्रॉक्साइड 2 ग्रॅम नाहीतर कॉपर ऑक्सिक्लोराइड 2 ते अडीच ग्रॅम लिटरला, सोबत ब्रोनोपॉल हे जंतुनाशक अर्धा ग्रॅम आणि स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं). पाऊस थांबला की लगेच फवारा, उद्यावर ठेवू नका. स्ट्रेप्टोमायसीनवाली पुडी मात्र मारूच नका, जंतूला तिची सवय होते, आणि माणसाच्या औषधातलं अँटिबायोटिक फळावर मारणं मला मुळातच पटत नाही.

बुरशीच्या डागांना मॅन्कोझेब अडीच ग्रॅम, पुढच्या वेळेला प्रोपिकोनॅझोल 1 मिली, असं आलटून पालटून. लागून पाऊस झाला की खालची, जमिनीजवळची फळं कुजायला लागतात, तिथं मेटॅलॅक्झिल आणि मॅन्कोझेबचं एकत्र औषध 2 ते अडीच ग्रॅम, आणि फांद्यांना बांबूचा आधार द्या म्हणजे फळ मातीला टेकणार नाही. व्यापाऱ्याला एक्सपोर्टचा माल द्यायचा असेल तर लेबलवर तोडणीआधी किती दिवस थांबायचं लिहिलंय ते पाळाच.

मर मात्र वेगळीच, तिची भीती मला तेल्यापेक्षा जास्त वाटते कारण तेल्यात फळ जातं, मरीत झाडच जातं. आधी एक फांदी पिवळी पडते, मग दुसरी, मग पूर्ण झाड वाळतं. खोड आडवं कापून बघा, लाकडात काळपट-तपकिरी चांदणीसारखा डाग दिसला तर सेराटोसिस्टिस बुरशी आहे. मुळीवर गाठी दिसल्या तर सूत्रकृमी (डोळ्याला न दिसणारे मुळातले किडे), आणि खोडावर टाचणीएवढी भोकं आणि बारीक भुसा असेल तर शॉट होल बोरर, म्हणजे खोड पोखरणारा बारीक भुंगा, बऱ्याच वेळा हे तिघं एकत्रच सापडतात. एक फांदी पिवळी दिसली त्याच दिवशी प्रोपिकोनॅझोल 2 मिली लिटरला घेऊन झाडाला 8 ते 10 लिटर आळवणी करा (मुळाशी ओता), नुसतं त्या झाडाला करून चालत नाही, आजूबाजूच्या तीन-चार निरोगी झाडांनाही करा, 20 दिवसांनी परत, असं तीन वेळा. खोडाला गेरूचा लेप द्या, 10 लिटर पाण्यात गेरू 4 किलो, कॉपर ऑक्सिक्लोराइड 25 ग्रॅम, क्लोरपायरीफॉस 20 मिली. सूत्रकृमीसाठी ओळीत झेंडू लावा आणि निंबोळी पेंड द्या. ड्रिपचं पाणी खोडाजवळ साचू देऊ नका, ड्रीपर झाडाच्या सावलीच्या कडेला सरकवा.

पूर्ण वाळलेलं झाड ओढत ओढत बागेतनं नेऊ नका, माती आणि मुळ्या सगळीकडं पडतात. मुळासकट काढून पोत्यात भरून बाहेर न्या आणि जाळा. तो खड्डा उन्हाळाभर उघडा ठेवा, शेणखतात ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) मिसळून भरा, आणि तिथं लगेच डाळिंब लावू नका.