कोकणच्या पुळणीवर टुंड्राचे पक्षी कसे ओळखावेत

ऑगस्ट ते एप्रिल या काळात कोकणातील खाड्यांच्या मुखांशी आणि पुळणींवर जे छोटे पाणपक्षी थव्याने चरताना दिसतात, त्यांपैकी अनेकांचा जन्म युरोप आणि सैबेरियाच्या उत्तर टोकाशी, टुंड्रा प्रदेशात झालेला असतो. बाकदार चोचीची तुतारी, छोटा टिलवा, करडा चिखल्या, सोनचिखल्या, सँडरलिंग आणि टर्नस्टोन हे त्यांतील प्रमुख होत. किनाऱ्यावरचा प्रत्येक चिखल्या मात्र तिकडचा नसतो. वाळू-चिखल्यांपैकी काही तिबेट-लडाखच्या पठारांवरून उतरतात आणि केंटिश चिखल्या तर भारतातही वीण करतो, म्हणून आधी जात निश्चित करावी.

वेळ ठरवण्यासाठी पंचांग हाताशी असले तरी चालते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. द्वादशीला 12 ची पाऊणपट 9, म्हणून भरती नऊच्या सुमारास. हा हिशेब मुंबईच्या आसपास चांगला जुळतो, दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे सकाळी सूर्य पाठीशी राहतो आणि पिसांवरील नक्षी स्वच्छ दिसते. दुपारनंतर तेच पक्षी पाण्याच्या चकाकीपुढे नुसत्या काळ्या आकृत्या होतात. त्रयोदशीपासून अमावास्या किंवा पौर्णिमेपर्यंत सकाळचा प्रकाश आणि मोठी भरती या दोन्ही गोष्टी एकत्र साधतात. पूर्ण भरतीच्या दोन तास आधी जाऊन एका जागी शांत बसावे, म्हणजे पाणी चढेल तसे चिखलावर पांगलेले पक्षी उरलेल्या वाळूच्या पट्ट्यावर आपोआप गोळा होत जातात.

अलिबागजवळील आक्षी, रत्नागिरीची भाट्ये खाडी किंवा देवबागजवळचे कर्ली नदीचे मुख अशा जागा निवडाव्यात. फुटणाऱ्या लाटेच्या मागेपुढे धावणारा पांढुरका पक्षी सँडरलिंग असतो, तर कातळावर चोचीने दगड-शिंपले उलटवणारा टर्नस्टोन. करडा चिखल्या उडाला की पंखाखाली, काखेत, काळा डाग दिसतो. सोनचिखल्या कापणी झालेल्या भातखाचरांतही शोधावा. बाकदार चोचीच्या तुतारीची चोच टोकाशी खाली वळलेली असते आणि उडताना शेपटीच्या वरचा भाग पांढराशुभ्र दिसतो.

या तुतारीवर अधिक वेळ खर्च करावा, कारण तिकडचा उन्हाळा कसा गेला हे तिच्या थव्यावरून अजमावता येते. टुंड्रात जमिनीखालचा थर कायम गोठलेला असतो. उन्हाळ्यात फक्त वरचा थर वितळतो, पाणी खाली मुरत नाही, जागोजागी डबकी साचतात आणि त्यांत डासांची व इतर कीटकांची अमाप पैदास होते. अंड्यातून बाहेर आलेली पिल्ले याच कीटकांवर स्वतः चरून वाढतात. नर अंडी उबवत नाही आणि लवकर दक्षिणेकडे निघतो, माद्या त्यानंतर आणि पिल्ले सर्वांत शेवटी. त्यामुळे आपल्याकडेही आधी प्रौढ पक्षी येतात आणि सप्टेंबरपासून त्या वर्षीची पिल्ले दिसू लागतात. पिल्लाच्या पाठीवरील पिसांना फिकट कडा असल्याने खवल्यांसारखी नक्षी दिसते आणि छातीवर पिवळसर छटा असते. प्रौढांच्या पोटावर विटकरी रंगाचे ठिगळ उरलेले असतात. ऑक्टोबरअखेरपर्यंत थव्यात पिल्ले किती आणि प्रौढ किती हे मोजावे. लेमिंग या उंदरासारख्या प्राण्याची संख्या साधारण तीन-चार वर्षांच्या चक्राने चढते-उतरते. लेमिंग मुबलक असतात तेव्हा ध्रुवीय कोल्हे त्यांवर पोट भरतात, पण ते घटले की कोल्हे पक्ष्यांच्या अंड्यांकडे व पिल्लांकडे वळतात आणि त्या वर्षी दक्षिणेत पोहोचणारी पिल्ले फार थोडी असतात. मात्र एका थव्यावरून निष्कर्ष काढू नये. पिल्ले आणि प्रौढ कधी कधी निराळ्या जागी चरतात, म्हणून अनेक ठिकाणी, वर्षानुवर्षे मोजणी करणाऱ्यालाच हा चढउतार दिसतो.

टुंड्रातील पेहराव पाहायचा असेल, तर एप्रिलमध्ये पुन्हा जावे. तेव्हा तुतारी विटकरी होते आणि सोनचिखल्याचे पोट काळे पडू लागते. त्याच्या पाठीवरील सोनेरी-काळी टिकल्यांची नक्षी वाळूवर विशोभित वाटते खरी, पण तो अंडी घालतो ती जागा शेवाळ, दगडफूल आणि जमिनीलगत पसरलेल्या खुज्या विलोच्या मधे असते आणि तेथे हीच नक्षी त्याला लपवते. मला हा पक्षी या दिवसांत सर्वांत देखणा वाटतो.

याच दिवसांत थव्यापासून सर्वांत दूर राहावे. प्रवासासाठी साठवलेली चरबी उगाच केलेल्या प्रत्येक उड्डाणात खर्च होते. वाळूवर गाडी घालणे आणि मोकळे कुत्रे सोबत नेणे म्हणूनच कटाक्षाने टाळावे. एखाद्याच्या पायात वळे किंवा रंगीत पट्टी दिसली, तर पाय डावा की उजवा, पट्टी गुडघ्याच्या वर की खाली, तिचा रंग आणि तिच्यावरील अक्षरे टिपून छायाचित्रासह मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे कळवावे. अक्षरे वाचता आली नाहीत, तरी रंग, तारीख आणि जागा अवश्य पाठवावी.