एमपीझेडचा अहवाल वाचताना या चुका टाळा

एमपीझेड जनुकापासून तयार होणारे पी-झिरो हे प्रथिन हातापायांच्या चेतातंतूंवरील मायलिन या आवरणाचे थर एकमेकांना चिकटवून ठेवते. मायलिन तयार करणाऱ्या श्वान पेशींचे नाव थिओडोर श्वान यांच्यावरून पडले आहे. कुत्र्याशी त्याचा संबंध नाही, हे दर नव्या तुकडीला सांगावे लागते. या जनुकातील दोषामुळे शार्को-मारी-टूथ हा हातापायांच्या चेतातंतूंचा आनुवंशिक आजार होतो.

सर्वांत मनस्ताप देणारी चूक क्रमांकांची आहे. निफाडकडील एक बागायतदार पुतण्याला घेऊन नाशिकला माझ्याकडे आले. काकांच्या जुन्या अहवालात पी-झिरोच्या साखळीतील ९५ व्या क्रमांकाच्या थ्रिओनिन या अमिनो आम्लाच्या जागी मेथिओनिन आल्याची नोंद होती, तर पुतण्याच्या नव्या अहवालात तोच बदल १२४ क्रमांकावर दाखवला होता. माझ्या शिकाऊ सहकाऱ्याने, कोणालाही न विचारता, घराण्यात दोन वेगळे दोष असल्याचे लिहून दिले आणि पुतण्याच्या सोयरिकीची बोलणी महिनाभर थांबली. वास्तविक पी-झिरोची पहिली २९ अमिनो आम्ले प्रथिन तयार होतानाच कापली जातात; पूर्वी उरलेल्या भागापासून मोजत, आता अगदी आरंभापासून मोजतात. ९५ मध्ये २९ मिळवण्यास किती वेळ लागतो? काकांना उतारवयात लागलेला त्रास, मंदावलेली श्रवणशक्ती आणि उजेडातही न आकसणाऱ्या बाहुल्या याच बदलाशी जुळत होत्या. तेव्हापासून मी समासात पेन्सिलीने दोन्ही क्रमांक लिहितो.

चिकटवणारे प्रथिन बिघडले म्हणजे केवळ चिकटणे कमी झाले, हा तर्कही घाईचा आहे. सेरिन ६३ गळालेले प्रथिन मायलिनपर्यंत पोहोचतच नाही. ते पेशीच्या आत अडकते आणि पेशीलाच जाच करते.

सतराव्या गुणसूत्रावरील पीएमपी२२ या दुसऱ्या जनुकाची जादा प्रत आहे का, हे आधी तपासावे, कारण हा आजार बहुधा तिच्यामुळेच होतो आणि साध्या अनुक्रमणातून, म्हणजे जनुकाची अक्षरे क्रमाने वाचण्यातून, ती निसटू शकते. चेतातंतूंतून संदेश जाण्याचा वेग सेकंदाला ३८ मीटरच्या वर आहे, म्हणजे मायलिन फारसे बिघडलेले दिसत नाही, एवढ्यावरून एमपीझेडला वगळू नये. आईवडील निरोगी असले, तरी दोष नव्याने उद्भवलेला असू शकतो.

व्हिन्क्रिस्टिन हे कर्करोगावरील औषध या रुग्णांचे पाय थोड्याच दिवसांत लुळे करू शकते, ही सूचना फाइलच्या पहिल्याच पानावर हवी. तेवढ्यासाठी मी लाल पेन बाळगतो.