पालिकेच्या खतासाठी घरातला ओला कचरा कसा द्यावा

ओला कचरा वेगळा करायचा म्हणजे नेमके काय करायचे हे कळण्यासाठी, तो शेवटी जिथे जातो तिथून सुरुवात केलेली बरी. खतप्रकल्पावर गाडी रिकामी झाली की ढिगातल्या नको त्या वस्तू आधी हाताने आणि मग यंत्राने वेचल्या जातात. प्लास्टिकच्या मोठ्या पिशव्या नजरेला पडतात, म्हणून त्या निघतात. लोखंड चुंबक ओढून घेतो. मात्र सालींबरोबर चुकून गेलेला स्टेनलेस स्टीलचा चमचा अनेकदा चुंबकाला चिकटतच नाही, आणि फळावरचे नखाएवढे स्टिकर तर कोणाच्याच हाती लागत नाही. ते ढिगातल्या उष्णतेत आठवडेच्या आठवडे राहते, चाळणीच्या भोकांतून खाली उतरते आणि तयार खतात जवळजवळ जसेच्या तसे सापडते. म्हणून ते फळ धुतानाच काढावे. प्रकल्पावर जे निस्तरता येत नाही, ते स्वयंपाकघरात क्षणभरात होते. पुढच्या बहुतेक सूचनांमागे हेच एक कारण आहे.

देठ, साली, बिया, खरकटे, अंड्यांची टरफले, चहा-कॉफीचा चोथा, कोमेजलेली फुले आणि झाडांचा पाला यांबद्दल कोठेच वाद नसतो. घोळ होतो तो सीमेवरच्या वस्तूंचा. कपात बुडवायच्या चहाच्या पुड्यांपैकी (टी-बॅग) अनेकींच्या कागदात चिकटण्यासाठी प्लास्टिकचे तंतू मिसळलेले असतात, त्यामुळे पुडी फाडून फक्त चोथा बादलीत टाकावा. साधा कागदी रुमाल चालतो, पण दुकानातली गुळगुळीत छापील पावती चालत नाही, कारण त्या कागदावर उष्णतेने काळा पडणारा रासायनिक लेप असतो. भाजीच्या जुडीचे रबर, दोरा आणि तार आठवणीने काढावी. तळणीचे उरलेले तेल ओतू नये. ते कचऱ्याच्या कणांवर पसरून हवा अडवते. कोळशाची राख, व्हॅक्यूम क्लीनरमधली धूळ, डायपर आणि पाळीव प्राण्यांची विष्ठा या बादलीतल्या वस्तू नव्हेत. मांस, मासे आणि हाडे यांचे उत्तर प्रकल्पावर अवलंबून असते: बंदिस्त प्रकल्प किंवा बायोगॅस संयंत्र ती घेऊ शकते, पण उघड्या ढिगांवर त्यांनी उंदीर आणि कुत्री येतात. इथे अंदाज बांधू नये, पालिकेने दिलेली यादी पाहावी.

बागेच्या कचऱ्याबाबत एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. हिरवळीवर तणनाशक मारले असेल तर ते कापलेले गवत ओल्या कचऱ्यात देऊ नये. क्लोपायरॅलिडसारखी काही तणनाशके खत होण्याच्या प्रक्रियेतही टिकून राहतात, आणि असे खत टोमॅटोला किंवा शेंगवर्गीय पिकांना घातले की कोवळी पाने कपासारखी वळतात. हे खत डोळ्यांना चांगलेच दिसते, म्हणून दोष शोधायला फार वेळ जातो.

आता पिशवीचा प्रश्न. बादलीला अस्तर लावायचेच असेल तर वर्तमानपत्राचा कागद सर्वांत सोयीचा. तो पाणी शोषतो आणि कचऱ्याबरोबर कुजतो. ‘कंपोस्टेबल’ असा शिक्का असलेल्या पिशव्यांबद्दल माझे मत जरा कडक आहे. युरोपीय मानक ईएन 13432 नुसार अशा वस्तूचे प्रकल्पातल्या परिस्थितीत 12 आठवड्यांत इतके तुकडे व्हावे लागतात, की 2 मिलिमीटरच्या चाळणीवर तिच्या मूळ वजनाच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त काही उरू नये. परंतु जो प्रकल्प ढीग सहा-आठ आठवड्यांतच चाळतो, तिथे हीच पिशवी अर्धवट फाटलेली बाहेर येते. शिवाय पट्ट्यावर वेचणाऱ्या कामगाराला ती साध्या प्लास्टिकपासून वेगळी ओळखता येत नाही, त्यामुळे तो ती आतल्या कचऱ्यासकट बाजूला फेकतो आणि त्यात त्याची काही चूक नसते. पालिकेने स्वतः अशा पिशव्या मान्य केल्या असतील तरच त्या वापराव्यात. ‘ऑक्सो-डिग्रेडेबल’ पिशव्या मात्र कधीच नकोत. त्या फक्त बारीक तुकड्यांत फुटतात, आणि ते तुकडे प्लास्टिकचेच असतात.

घरातल्या बादलीचा खरा शत्रू पाणी आहे. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचे बरेचसे वजन मुळातच पाण्याचे असते. त्यात ताटे विसळल्याचे पाणी मिसळले की तळाशी काळपट रस साचतो, तिथली हवा संपते आणि हवेशिवाय जगणारे जिवाणू काम सुरू करतात. नाक मुरडायला लावणारा आंबूस, सडका वास त्यांचाच असतो. आमच्या घरी सुरुवातीला घट्ट झाकणाचा डबा आणला होता. दुसऱ्या दिवशी झाकण उघडले तर आतून थेंब गळत होते आणि वास घरभर पसरला. तो डबा आता धान्याला वापरतो. त्यानंतर जी पद्धत बसली ती अशी: सिंकजवळ एक जाळीचे भांडे ठेवावे, खरकटे आणि चोथा आधी त्यात निथळू द्यावा आणि रात्री भांडी घासून झाल्यावरच तो बादलीत टाकावा. बादली लहान असावी, झाकण माशी आत जाणार नाही पण थोडी हवा खेळेल असे असावे, आणि तळाशी कागदाचे दोन-तीन थर किंवा मूठभर कोरडा पाला असावा. दिवसातून एकदा वरून भुसा किंवा फाडलेला पुठ्ठा भुरभुरावा. हा भुसा रंगवलेल्या किंवा प्लायवूडच्या लाकडाचा नसावा. जाड साली आणि कणसाचे दांडे यांचे दोन-तीन तुकडे करावेत. त्यापेक्षा बारीक चिरण्यात वेळ घालवू नये, ते काम प्रकल्पावरचे यंत्र करते.

कचरा किती दिवसांनी द्यावा याचे उत्तर माशीच्या आयुष्यात आहे. उबदार हवेत माशीच्या अंड्यातून एका दिवसाच्या आतच अळी बाहेर पडते आणि साधारण आठवडाभरात ती कोषात जाते. म्हणून उन्हाळ्यात बादली दोन दिवसांहून जास्त भरलेली ठेवू नये. गाडी आठवड्यातून एकदाच येत असेल तर सर्वांत लवकर सडणारे पदार्थ कागदात गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवावेत आणि गाडीच्या दिवशी सकाळी बाहेर काढावेत. बादली रिकामी झाली की साध्या पाण्याने धुऊन उन्हात उपडी ठेवावी. फिनाईलची गरज नसते.

देताना कचरा पिशवीला गाठ मारून देऊ नये, मोकळा ओतावा, म्हणजे घेणाऱ्याला आत काय आहे ते दिसते. काच आणि ब्लेड यांनी कोणाचा तरी हात कापतो, म्हणून ती या बादलीत कधीच पडू देऊ नयेत. ‘आपण वेगळे करून काय उपयोग, गाडीत सगळे एकच होते’ अशी तक्रार नेहमी ऐकू येते. ती कधी खरी असते, कधी नसते. अनेक गाड्यांना आतून दोन कप्पे असतात आणि ते बाहेरून कळत नाहीत. एकदा जवळ जाऊन पाहावे. खरोखरच मिसळत असतील तर तारीख, वेळ आणि गाडीचा क्रमांक नोंदवून लेखी तक्रार करावी, पण घरातले वर्गीकरण थांबवू नये, कारण एकदा मोडलेली सवय गाडी सुधारली तरी परत येत नाही.

प्रकल्पावर हा कचरा लाकडाचे तुकडे किंवा वाळका पाला यांत मिसळतात, म्हणजे कार्बन आणि नायट्रोजन यांचे प्रमाण 25 ते 30 ला 1 च्या आसपास येते. ओलावा 50 ते 60 टक्के लागतो; मूठभर माल घट्ट दाबला तर बोटांच्या फटीतून एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागू नये. काही दिवसांतच ढीग आतून 55 अंश सेल्सिअसच्या वर जातो, आणि सकाळी तो उलटताना त्यातून वाफ उठते. रोगजंतू आणि तणाचे बी मरावे म्हणून उघड्या लांबट ढिगात ही उष्णता किमान 15 दिवस राखायची आणि त्या काळात ढीग पाच वेळा उलटायचा, तर बंदिस्त यंत्रणेत ती सलग 3 दिवस राखायची, असा नियम बऱ्याच ठिकाणी पाळला जातो. 70 अंशांच्या पुढे उपयोगी जिवाणूही मरू लागतात. हाच कचरा कचराभूमीत गाडला गेला असता तर हवेअभावी मिथेन तयार झाला असता, जो 100 वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या 27 ते 30 पट उष्णता धरून ठेवतो.

पालिकेकडून खत परत मिळत असेल तर ते लगेच कुंडीत ओतू नये. थोडे खत ओले करून पिशवीत बंद करावे आणि तीन-चार दिवसांनी हुंगावे. मातीचा वास आला तर ते पक्व आहे. अमोनियाचा किंवा आंबूस वास आला तर आणखी महिनाभर सावलीत, अधूनमधून उलटत ठेवावे. कच्चे खत रोपाची मुळे जाळते. पक्व खतातही नायट्रोजन साधारण 1 ते 2 टक्केच असतो आणि खरकट्यातले मीठ त्यात उतरलेले असू शकते, म्हणून कुंडीच्या मिश्रणात त्याचा वाटा पाव ते एक तृतीयांश पुरे. वाफ्यात दोन-तीन सेंटिमीटरचा थर पसरून वरच्या मातीत हलकेच मिसळावा, खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी सोडावी आणि वरून पाणी द्यावे. पसरताना काचेचा किंवा प्लास्टिकचा तुकडा दिसला तर तो वेचून सुक्या कचऱ्यात टाकावा.