गेमवर बहिष्कार घालायचा, तर तो असा

बहिष्कारापूर्वी आपली मागणी एका वाक्यात लिहून काढावी, कारण नुसत्या संतापाला प्रकाशक उत्तर देऊ शकत नाही. २००९ मध्ये ‘मॉडर्न वॉरफेअर २’वर बहिष्कार घालणाऱ्या गटातील अनेकजण प्रकाशनानंतर लगेच तोच गेम खेळताना दिसले, हे मला आजही खटकते. याउलट मे २०२४ मध्ये ‘हेलडायव्हर्स २’च्या खेळाडूंनी पीएसएन (सोनीची ‘प्लेस्टेशन नेटवर्क’ ही ऑनलाइन सेवा) खात्याच्या सक्तीविरुद्ध नकारात्मक अभिप्रायांचा आणि परताव्याच्या मागण्यांचा मारा केला, तेव्हा सोनीने काही दिवसांतच माघार घेतली.

म्हणून आगाऊ खरेदी टाळावी. गेम घेतलाच असेल, तर स्टीम या संगणकावरील गेमच्या ऑनलाइन दुकानात खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळून परतावा मागावा, आणि गणपतीला मुंबईहून रत्नागिरीत आलेल्या भावंडांनी कितीही आग्रह केला, तरी मागणी मान्य होईपर्यंत तो गेम विकत घेऊ नये.