फ्रॉस्टपंकमध्ये हुकूमशहा न बनता शहर कसं वाचवायचं

स्ट्रॅटेजी गेममध्ये हुकूमशाही करणं तसं लय सोपं असतं. ट्रॉपिकोमध्ये निवडणुकीत घोळ घाला, क्रुसेडर किंग्ज ३ मध्ये दोनचार कैद्यांची मुंडकी उडवून ड्रेड म्हणजे दहशत वाढवा म्हणजे सरदार गप्प बसतात, आणि खेळणाऱ्याला त्याचं फार काही वाटत पण नाही कारण ते सगळं विनोदी किंवा ऐतिहासिक वेष्टनात येतं. पण ११ बिट स्टुडिओज या पोलंडच्या कंपनीचा २०१८ चा फ्रॉस्टपंक मात्र वेगळा आहे, तिथे हुकूमशाही तुम्हाला मजेसाठी नाही, नाइलाज म्हणून विकली जाते, आणि आपण ती विकत घेतो. बहुतेक लोक पहिल्या रनमध्ये, म्हणजे पहिल्यांदा गेम खेळताना, घेतातच. हे गाईड दुसऱ्या रनसाठी समजा, किंवा ज्यांना पहिल्याच रनमध्ये "न्यू ऑर्डर" हा हुकूमशाहीचा कायदा न घेता "अ न्यू होम" हे मेन सिनॅरिओ काढायचंय त्यांच्यासाठी. स्पॉयलर आहेत, आधीच सांगतो.

ज्यांनी खेळलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: साल १८८६, सगळी पृथ्वी गोठलीये, एका खड्ड्यात मधोमध कोळशावर चालणारा भलामोठा जनरेटर आणि त्याच्याभोवती ८० माणसं, त्यात ५० कामगार, १५ इंजिनियर, १५ मुलं. तुम्ही कॅप्टन. खाली दोन पट्ट्या, एक होप म्हणजे आशा, दुसरी डिसकंटेंट म्हणजे असंतोष. आशा संपली किंवा असंतोष पूर्ण भरला की लोक तुम्हाला मुदत देतात, त्यात सावरला नाहीत तर कॅप्टनकी गेली.

आता मेन मुद्दा, बाकी सगळं यावरच उभं आहे. या गेममध्ये जुलूम हा तयारी कमी पडल्याचा दंड आहे. कोळसा पुरला नाही की घरं थंड पडतात, त्यातून आजारी वाढतात, आजारी वाढले की कामाला माणूस नाही, मग चिडलेल्या लोकांना गप्प करायला कायद्याच्या पुस्तकातलं पुढचं पान उघडावं लागतं. म्हणजे सज्जन कॅप्टन व्हायचं असेल तर सगळ्यात आधी चांगला मॅनेजर व्हायला पाहिजे. नुसतं मनाने चांगलं असून भागत नाही इथे.

पहिले काही दिवस असे काढा. स्पेस दाबून पॉज करा आणि पॉजमध्येच सगळी माणसं लावा, वेळ चालू ठेवून विचार करायचा नाही. कामगारांना कोळशाच्या आणि लाकडाच्या ढिगांवर पाठवा, स्टीलवर थोडे. इंजिनियर १५ च आहेत आणि वर्कशॉपला ५ लागतात, मेडिकल पोस्टला ५ लागतात, त्यामुळे सुरुवातीला एक वर्कशॉप, एक मेडिकल पोस्ट आणि जमेल तेव्हा दुसरं वर्कशॉप, झाले तुमचे इंजिनियर संपले. वर्कशॉपमधल्या रिसर्चमध्ये बीकन (यानेच शहराबाहेर शोधपथकं, म्हणजे स्काउट, पाठवता येतात) लवकर घ्या, स्काउट जितके लवकर बाहेर पडतील तितकी जास्त माणसं आणि स्टीम कोर हाती लागतात. स्टीम कोर शहरात बनवता येत नाही, बाहेरूनच आणावा लागतो, आणि माझ्या मते दयाळूपणे राज्य करायचं असेल तर या गेममध्ये स्टीम कोरइतकी मोलाची वस्तू दुसरी नाही, कारण त्यातून ऑटोमॅटन म्हणजे यंत्रमानव बनतो आणि ऑटोमॅटन २४ तास काम करतो, त्याला ना भूक ना थंडी ना असंतोष. जिथे ऑटोमॅटन उभा आहे तिथे कुणाच्या पोराला राबवायची वेळ येत नाही.

पहिला कायदा कुठला यावर लोक भांडतात. बरेच जण सांगतील की चाइल्ड लेबर घ्या, सुरुवातीला १५ हात जास्त मिळतात. मिळतात, खरंय. पण चाइल्ड शेल्टर, म्हणजे मुलांना कामाऐवजी निवारा, घेतलं तर पुढे मुलं इन्फर्मरीत (मोठ्या दवाखान्यात) किंवा वर्कशॉपमध्ये शिकाऊ म्हणून मदत करतात आणि त्या बिल्डिंगचं काम वाढतं. सुरुवातीचे दिवस जरा ओढाताणीचे जातात पण नंतर हे भरून निघतं. शेल्टर जनरेटरच्या जवळच्या रिंगमध्ये बांधा, लांब बांधलं तर मुलं थंडीने आजारी आणि मग सगळंच मुसळ केरात.

इमर्जन्सी शिफ्ट म्हणजे २४ तास सलग काम. साधी शिफ्ट १० तासांची असते, एक्स्टेंडेड १४ तासांची. इमर्जन्सीचा कायदा घ्यायला हरकत नाही पण अगदी गरज असेल तेव्हा वर्कशॉपला एखादी रात्र लावा आणि विसरून जा. एकाच ठिकाणी परत परत लावली की माणूस कामावर मरायची पाळी येते, आणि तेव्हा जो मेसेज समोर येतो तो वाचायला बरा नाही वाटत. एक्स्टेंडेड शिफ्ट तुलनेने ठीक आहे, तीही सगळीकडे नाही, जिथे माल कमी पडतोय तिथेच.

जेवणात सूप घ्या. लोक कुरकुरतात, असंतोष थोडा वर जातो, पण दुसरा पर्याय फूड अॅडिटिव्ह्ज म्हणजे सरळ सरळ भुसा मिसळायचा आणि त्याने लोक आजारी पडतात, त्यापेक्षा कुरकुर परवडली. आजाऱ्यांसाठी सस्टेन लाइफ की रॅडिकल ट्रीटमेंट हा प्रश्न येईल. रॅडिकलमध्ये हातपाय कापून माणूस जगवतात, सस्टेनमध्ये गंभीर आजारी माणूस बेडवर पडून राहतो, खात राहतो आणि वाट बघतो. आता गंमत अशी की ऐकायला सस्टेन लाइफ सौम्य वाटतं पण ते तेव्हाच सौम्य जेव्हा तुम्ही इन्फर्मरीचा रिसर्च वेळेत करता. नाही केला तर नुसतीच रांग लावून ठेवलीत.

कोळशासाठी दोन रस्ते. कोल माइनला स्टीम कोर लागतो, कोल थंपर या जमिनीतून कोळसा वर काढणाऱ्या यंत्राला लागत नाही पण त्याच्याशेजारी तो गोळा करायला गॅदरिंग पोस्ट लागतात आणि माणसं जास्त खातो. कोर ऑटोमॅटनसाठी वाचवायचे असतील तर थंपर. पोस्टला स्वतःची थोडी ऊब असते त्यामुळे तिथली माणसं ढिगावरच्या माणसांपेक्षा कमी आजारी पडतात.

आता वचनांबद्दल, कारण नवीन लोक इथेच मार खातात. लोक येऊन म्हणतात कॅप्टन घरं गरम करा, समोर पर्याय येतात, त्यात "करतो" म्हटलं की मुदत सुरू होते. पूर्ण केलं तर आशा वाढते, मोडलं तर दुहेरी फटका बसतो. म्हणून वचन द्यायच्या आधी पॉज करून मोजा: हीटची पुढची लेव्हल लावली तर कोळसा रात्रभर पुरतोय का? नसेल पुरत तर छोटं वचन द्या, किंवा देऊच नका. नाही म्हणायची किंमत मोडलेल्या वचनापेक्षा कमी असते.

आणि आता विंटरहोम. स्काउटना कळतं की दुसरं शहर नष्ट झालंय, ही बातमी तुमच्या शहरात पोचते, आशा धाडकन खाली येते आणि त्याच क्षणी कायद्याच्या पुस्तकात नवीन भाग उघडतो, ऑर्डर (शिस्त) किंवा फेथ (श्रद्धा), दोन्हींतलं एकच निवडायचं. टायमिंग बघा जरा. लोक घाबरलेले, तुम्ही घाबरलेले, आणि समोर एक फांदी जिच्यावर प्रत्येक पान आधीच्या पानापेक्षा थोडंसंच वाईट आहे. त्यामुळे तिथे पोचायच्या आधी अन्नाचा साठा, सगळ्यांना छप्पर आणि आशेची पट्टी जमेल तितकी वर, एवढं करून ठेवा. स्काउटना मुद्दाम थांबवून हे टळत नाही, बातमी येतेच.

लंडनर्स नावाचा गट तयार होतो, त्यांना लंडनला परत जायचंय. भिंतींवर काहीबाही लिहितात, भाषणं ठोकतात, रेशन चोरतात. इथे जवळून बघण्यासारखी गोष्ट सांगतो. ऑर्डर घेतली असेल तर क्रम साधारण असा जातो: आधी नेबरहूड वॉच, म्हणजे टेहळणीचे मनोरे, यात कुणाला काय आक्षेप असणार. मग गार्ड स्टेशन. मग सकाळची सभा. मग फोरमन म्हणजे मुकादम. मग प्रोपगंडा सेंटर, तुरुंग, तुरुंगात "जोर लावून समजावणं", निष्ठेची शपथ, आणि शेवटी न्यू ऑर्डर. सही करायच्या आधी गेम तुम्हाला आशा आणि असंतोषाचा परिणाम दाखवतो, पण त्या कायद्यामुळे नंतर कोणते प्रसंग घडतील ते दाखवत नाही. न्यू ऑर्डरवर सही केली की आशेची पट्टीच गायब होते, तिच्या जागी आज्ञापालन येतं, चौकात मृत्युदंडाची जागा उभी राहते. खेळायला एकदम सोपं होतं हो, आशेची काळजीच संपली. हेच त्याचं आमिष.

माझा सल्ला असा की ऑर्डर घेतली तर गार्ड स्टेशन, सकाळची सभा आणि फोरमन इथे थांबा. फेथ घेतलं तर प्रार्थनागृह, संध्याकाळची प्रार्थना, फील्ड किचन आणि हाऊस ऑफ हीलिंग इथे थांबा, जाहीर प्रायश्चित्त वगैरेच्या वाटेला जाऊ नका. मला स्वतःला फेथ सोपं वाटतं, कारण त्याच्या पहिल्या पायऱ्यांमधून लोकांना खरंच काहीतरी मिळतं, जेवण मिळतं, उपचार मिळतात, तर ऑर्डरच्या पायऱ्या लवकरच नजर ठेवण्याकडे वळतात. लंडनर्सपैकी प्रत्येकाला थांबवायचा हट्ट पण धरू नका. घरं गरम ठेवा, आजारी बरे करा, संख्या आपोआप घटते, थोडे जातील, जाऊ द्या. तुरुंग बांधायची इच्छा याच हट्टातून होते.

अजून एक, सही केलेला कायदा पहिल्या फ्रॉस्टपंकमध्ये मागे घेता येत नाही. शिफ्ट बंद करता येते, कायदा पुस्तकातच राहतो. आपल्याकडे हे काही फार परकं नाही, मुंबई-पुण्याच्या प्लेगच्या वेळी १८९७ ला इंग्रजांनी केलेला साथरोग कायदा २०२० च्या कोरोनात पण वापरला गेलाच की. त्यामुळे सही करताना "आजचं भागतंय" एवढं बघू नका, उद्या यातून पुढचं कुठलं पान उघडतं ते बघा. (२०२४ च्या फ्रॉस्टपंक २ मध्ये हे बदललंय, तिथे १०० जणांची काउन्सिल मतदान करते आणि कायदे रद्दही होतात, पण तिथे गटांना खूश ठेवता ठेवता जीव जातो तो वेगळाच विषय.)

शेवटचं वादळ. आधी निर्वासित येतात, टप्प्याटप्प्याने, त्यात आजारी पण असतात. घ्यायचे असतील तर बेड आणि तंबू आधीच तयार ठेवा, दारात आल्यावर नाही. मग साठा करा, रिसोर्स डेपो बांधून कोळसा आणि शिजवलेलं अन्न दोन्ही, कारण वादळात शिकारी बाहेर जात नाहीत आणि हॉटहाऊस म्हणजे अन्न पिकवायची काचघरंही बंद पडतात. तापमान शून्याखाली शंभरच्याही पलीकडे जातं. जनरेटरचा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे त्याला जास्तीच्या जोरावर चालवणं, रिसर्च करून ठेवा पण तापलेला जनरेटर विसरून दुसरीकडे बघत बसू नका, फुटतो तो आणि तिथेच गेम संपतो. माणसं मरतील काही, सगळे वाचवायचेत असं ठरवून बसलात तर मधेच तुरुंगाचं पान उघडाल. खाण धसायची वेळ येते तेव्हा कुणाला आत पाठवायचं का हा प्रश्न येतो, त्या क्षणी साठा पुरेसा असेल तर निवांत "नको" म्हणता येतं, आणि हे "नको" तुम्ही दहा दिवस आधी कोळशाचा डेपो बांधून विकत घेतलेलं असतं.

वादळ संपल्यावर गेम तुमचं शहर पहिल्या दिवसापासून फास्ट फॉरवर्ड करून दाखवतो आणि तुम्ही काय काय केलं ते एकेक वाक्यात लिहून येतं. न्यू ऑर्डर किंवा फेथच्या फांदीवरचं तसंच शेवटचं पान न्यू फेथ घेतली असेल तर शेवटी एक प्रश्न विचारतो, हे सगळं करण्यालायक होतं का म्हणून. बऱ्याच जणांना याचा राग येतो, गेमनेच ते बटण दिलं आणि वर गेमच उपदेश करतो म्हणे. तो राग थोडा रास्तही आहे, कारण हार्ड डिफिकल्टीवर चुकायला जागाच ठेवलेली नाही. म्हणून पहिली सज्जन रन ईझीवर करा, लाज वाटून घेऊ नका. हे जमलं की मग पेपर्स प्लीज घ्या (२०१३ चा, लुकास पोपचा), तिथे तुम्ही राज्यकर्ते नाही, सीमेवर शिक्के मारणारा कारकून आहात, पगार किती माणसं तपासली त्यावर मिळतो आणि घरी पोरगं आजारी आहे, तिथे वरची एकही ट्रिक चालत नाही.